प्रेसशॉपचा फोन

परब, तुमच्या मुलाचा फोन आला तेव्हा टेलिफोनच्या बोर्डावर मीच होते. सकाळचे दहा वाजून गेले होते, सगळ्या लाइनी भरलेल्या. पलीकडून एक घोगरा, तरुण आवाज म्हणाला, "स्टोअरला द्या." मी सवयीने विचारलं, "कोण बोलतंय म्हणून सांगू?"

"वसंत परबांचा मुलगा. बाबा गेले. ते कळवायचंय."

मी म्हटलं, "एक मिनिट हं," आणि त्याला स्टोअरला जोडून दिलं. मी कोण, हे सांगितलं नाही. लगेच पुढची लाइन घेतली, कुणीतरी पुण्याचा ट्रंक कॉल बुक करायला सांगत होतं, तो बुक केला. पुण्याचा नंबर दोनदा विचारून घेतला, आणि तरी चुकीचा लिहिला.

दुपारी नोटीस बोर्डावर तुमच्याबद्दल चार ओळी लागल्या. त्यात तुमचं पद 'स्टोअर सहायक' असं टाइप केलंय. सतरा वर्षं या कंपनीचं टेलिफोन एक्स्चेंज ज्या माणसाने चालवलं, त्याच्या नावापुढे हे. मला ते खटकलं. पण मी कुणाला काही म्हटलं नाही. गप्प बसायला मला छान जमतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली, असं लिहायला घेतलं होतं. मग खोडलं. राहून गेली नाही, परब. मी सांगितली नाही. आज सांगते. तुम्हाला ऐकू येणार नाही हे ठाऊक आहे, आणि कदाचित म्हणूनच माझ्यात एवढा धीर आलाय.

मी अंधेरीच्या या कारखान्यात लागले तेव्हा माळ्यावरच्या दोन खोल्या म्हणजे आपलं राज्य होतं. पुढच्या खोलीत माझा बोर्ड, दोऱ्या आणि पितळी टोकांचा. मागच्या खोलीत तुमचं जुनं एक्स्चेंज, छताला भिडणाऱ्या लोखंडी घोड्यांवर, म्हणजे रॅकवर, बसवलेलं. कारखान्यात कुणी कुठेही फोन फिरवला की त्या खोलीत काहीतरी टकटक करत वर चढायचं, वळायचं, थांबायचं. मला तो नुसता गोंगाट वाटायचा. तुम्ही मात्र पाठमोरे बसून, चहा पिता पिता सांगायचात, "अकाउंट्सवाला पेंट शॉपला लावतोय. आणि पेंट शॉपवाला जागेवर नाय." दोन मिनिटांनी अकाउंट्सवाला मलाच फोन करून तक्रार करायचा की पेंट शॉप उचलत नाही.

तुम्ही त्या यंत्राशी बोलायचात, हे मी पहिल्या आठवड्यातच ऐकलं. एक पट्टी चिकटली होती. तुम्ही हातात चामड्याचा तुकडा घेऊन तिच्यापाशी वाकून म्हणालात, "काय गो, काय झाला तुका?" मी हसले. तुम्ही मागे वळून बघितलंत, अजिबात न लाजता म्हणालात, "लेलेबाई, हसताय काय? तुम्ही दिवसभर न दिसणाऱ्या माणसांशी बोलता. माझी निदान समोर तरी आहे."

शेजारच्या बॅटरीच्या खोलीत ॲसिडचा वास असायचा. सोमवारी तुम्ही प्रत्येक बॅटरीत पाणी घालायचात आणि ॲसिडने भोकं पडलेला तोच खाकी शर्ट घालून यायचात. त्या शर्टावरून मी तुम्हाला कितीदा बोलले. तुम्ही म्हणायचात, "हा सोमवारचा युनिफॉर्म. बायको शिवतच नाही आता."

जेवायला आपण एकत्र बसायचो. तुम्ही डबा उघडून आधी मला विचारायचात, "बांगडा?" आणि मी नाही म्हटलं की वाटीभर सोलकढी पुढे सरकवायचात. इतकी वर्षं रोज विचारत राहिलात. मी एकदा म्हटलं, "परब, मी कधीच हो म्हणणार नाही, माहितेय ना?" तुम्ही म्हणालात, "माहितेय. पण विचारलं नाय तर वाईट दिसतं."

विचारणं. तुमच्यासाठी ती केवढी साधी गोष्ट होती.

मग जुनं एक्स्चेंज काढायचं ठरलं. त्या वर्षी जिथे तिथे कॉम्प्युटरचं बोलणं चालू होतं, आणि वरून हुकूम आला की टेलिफोनसुद्धा इलेक्ट्रॉनिक येणार. कपाटाएवढी एक पेटी, आत कार्डं, आणि एकही हलणारा भाग नाही. ते घोडे उचलून खाली नेले, तेव्हा तुम्ही अंगणात उभे होतात. भंगारवाल्याची माणसं ते टेम्पोत फेकत होती. तुम्ही एकदाच म्हणालात, "हळू रे." त्यांनी ऐकलं नाही. ते ऐकणार नाहीत हे तुम्हालाही माहीत होतं.

लोक म्हणाले, परब संपला. आठवी पास माणूस, याला काय कॉम्प्युटर कळणार. त्याच सुमाराला नव्या यंत्राचं सहा दिवसांचं ट्रेनिंग झालं, साकीनाक्याजवळ एका गाळ्यावरच्या खोलीत. आपण दोघं गेलो होतो. शिकवणारा पोरगेला इंजिनिअर इंग्रजीत भराभर बोलायचा आणि फळा पुसायचा. मी लिहून घ्यायचे. संध्याकाळी बसस्टॉपवर बस येईपर्यंत मी वाचून दाखवायचे आणि तुम्ही मालवणी-मराठीत त्याचं काहीतरी वेगळंच करून वहीत उतरवायचात. मेमरी म्हणजे 'आठवण'. प्रोग्रॅम म्हणजे 'सांगितलेलं'. बॅटरी उतरली आणि आठवण पुसली गेली, तर सांगितलेलं सगळं पुन्हा सांगायचं. चौथ्या दिवशी तुम्ही त्या इंजिनिअरला एक प्रश्न विचारलात आणि तो अडखळला. परत जाताना तुम्ही बसमध्ये इतके खूष होतात की माझंही तिकीट काढायचं विसरलात, आणि कंडक्टरशी मलाच वाद घालावा लागला.

नव्या यंत्राला हात लावताना अंगातली वीज कार्डाला लागू नये, म्हणून तुम्ही मनगटाला तांब्याची तार बांधून तिचं दुसरं टोक भिंतीवरच्या अर्थिंगच्या पट्टीला जोडायचात. अकाउंट्सची मुलं दारातून डोकावून म्हणायची, "परबांना बांधून ठेवलंय." तुम्ही त्यांच्याकडे बघायचातसुद्धा नाही. पहिल्या वर्षात आपलं एकही कार्ड जळलं नाही. रस्त्यापलीकडच्या कारखान्यात तीन जळली.

आपला वाद मात्र तिथूनच सुरू झाला. तुम्ही म्हणायचात, जुनी बिघडली तर दिसायची. पट्टी चिकटलेली दिसायची, तार तुटलेली दिसायची. "ही दिसत नाय. हिला सांगशात तशी वागता. चुकीचं सांगितलंत तरी तस्संच वागणार, आणि वर दिवा हिरवा." मी म्हणायचे, मग चूक यंत्राची कशी, सांगणाऱ्याची. तुम्ही म्हणायचात, "तेच तर. जुनीमध्ये चूक माझी असली तरी ती मधे कुठेतरी अडकायची. ही अडवीत नाय." या वादात मी नेहमी जिंकायचे, कारण तुम्ही मधेच उठून चहा सांगायला जायचात. आज माझ्याकडे उत्तर नाही आणि चहा सांगायला जाणारा माणूसही नाही.

त्यानंतर वर्षभराने नवे प्रशासनाचे साहेब आले. वयाने माझ्याहून लहान, आवाज कधी चढवायचे नाहीत, पण त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपण काहीतरी विसरलोय असं वाटायचं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, शॉप-फ्लोअरवरचे कामगार कंपनीच्या फोनवरून बाहेर गप्पा मारतात, ते बंद करा. नव्या यंत्रात प्रत्येक फोनला एक क्लास देता यायचा. एक म्हणजे कुठेही, दोन म्हणजे मुंबईत, तीन म्हणजे फक्त कंपनीच्या आत. साहेब म्हणाले, "सगळे शॉप-फ्लोअर तीनवर." मी चिठ्ठीवर तेवढंच लिहिलं, सही केली आणि तुम्हाला आणून दिली.

तुम्ही चिठ्ठी वाचलीत आणि खिशात न घालता हातातच धरलीत.

"बाई, प्रेसशॉपचा राहूदे ना बाहेरचा."

"का?"

"पत्रा दाबायची प्रेस आहे ती. कुणाचा हात गेला तर? तिथे भिंतीवर दवाखान्याचा नंबर रंगवलाय लाल रंगात. फोनवरून तो लागणारच नसेल तर रंगवलाय कशाला?"

"ऑपरेटरला लावतील की. मी आहे ना."

"तुम्ही जेवायला जाता. मी पण जातो." मग तुम्ही अगदी समजुतीने म्हणालात, "एकच फोन, बाई. साहेबांना एकदा विचारा. नाय म्हणाले तर नाय."

मी म्हटलं, विचारते.

मी गेले होते, परब. एवढं तरी खरं आहे. जिना उतरून साहेबांच्या केबिनबाहेर जाऊन उभी राहिले. काचेतून ते दिसत होते, स्टेनोला काहीतरी सांगत होते. आदल्याच आठवड्यात हेड ऑफिसच्या एका फोनला मी उशिरा उत्तर दिलं म्हणून त्यांनी मला त्याच केबिनमध्ये उभं केलं होतं. बसायला सांगितलं नव्हतं. "लेलेबाई, तुमच्याकडे एकच काम आहे," असं म्हणाले होते. दाराशी उभी असताना मला तेच ऐकू येत होतं. मी तिथे किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. चार-पाच मिनिटं असतील. स्टेनोने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मी परत फिरले.

तुम्ही जिन्याच्या तोंडाशीच भेटलात. "काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

दोन शब्द. विचार करून बोललेले नव्हते. 'उद्या विचारते' म्हणाले असते तरी चाललं असतं. पण मग दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा विचारलं असतंत, आणि मला पुन्हा त्या दाराशी जावं लागलं असतं. तुम्ही मान हलवलीत. माझ्यावर अविश्वास दाखवायचं तुम्हाला काही कारणच नव्हतं. आत जाऊन मनगटाला तार बांधलीत, बटणं दाबलीत आणि तुमच्या लांब रजिस्टरमध्ये नोंद केलीत, 'चिठ्ठीप्रमाणे'. तोंडी गोष्टी तुम्ही कधी लिहीत नव्हतात. तोंडी गोष्टी तुमच्या लेखी लिहिण्याइतक्याच पक्क्या असायच्या.

प्रेसशॉपमधला पाष्टे गेला ती दुपार आपण दोघांनी मिळून पाहिली, म्हणून तिचं वर्णन तुम्हाला करणार नाही. फक्त जे मला नंतर कळलं ते लिहिते. प्रेसच्या खाली पाष्टेचा डावा हात कोपरापर्यंत गेला तेव्हा त्याच्या शेजारी इस्माईल होता. त्याने फडकं बांधलं आणि फोनकडे धावला. भिंतीवरचा लाल नंबर बघून फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला, पुन्हा एंगेज. तिसऱ्यांदा. त्याला वाटलं दवाखान्याचा फोन चालू आहे; बाहेरचं बंद केलेल्या फोनवरही तोच आवाज येतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. मग ऑपरेटरला लावला. माझ्या रिकाम्या खोलीत घंटा वाजत राहिली. मी कँटीनमध्ये होते, तुमच्या समोर, आणि तुम्ही सोलकढीची वाटी माझ्याकडे सरकवत होतात. शेवटी इस्माईल अख्खं अंगण ओलांडून गेटपर्यंत पळाला. वॉचमनने रिक्षा अडवली. प्रेसशॉप सगळ्यात मागच्या शेडमध्ये. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

सगळे गेटकडे पळाले, तुम्ही माळ्यावर पळालात. मी तुमच्या मागे आले. तुम्ही तार न बांधता, तसेच उघड्या हातांनी बटणं दाबत होतात. बोटं चुकत होती, पुन्हा दाबत होतात. प्रेसशॉपला क्लास एक दिलात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "आता विचारायला जाऊ नका कुणाला."

तीच गोष्ट चौकशीत तुमच्यावर उलटली. टेबलाच्या पलीकडे तिघं बसले होते. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि विचारलं, अपघातानंतर तुम्ही कुणाच्या परवानगीने फोन उघडलात? तुम्ही म्हणालात, कुणाच्या नाही. म्हणजे तुमच्या अधिकारात करता येत होतं? मग आधी का केलं नाही? तुम्ही म्हणालात, "मी सांगितलं होतं. बाईंनी साहेबांना विचारलं. साहेब नाही म्हणाले."

साहेब शांतपणे म्हणाले, "मला कुणीही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मी लगेच हो म्हटलं असतं."

मग सगळे माझ्याकडे वळले. मी भिंतीजवळच्या खुर्चीवर बसले होते. या वेळी मला बसायला दिलं होतं. त्यांनी विचारलं, "लेलेबाई, परब तुमच्याशी याबद्दल बोलले होते?"

माझी मुलगी तेव्हा दहावीला होती. ह्यांचं काम सुटलेलं. ही कारणं मी स्वतःला किती वेळा सांगितली असतील. त्यातलं एकही मला त्या खोलीत सुचलं नव्हतं. मला फक्त भीती वाटली. मी म्हटलं, "आठवत नाही."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. जुन्या एक्स्चेंजमध्ये एखादा आवाज चुकला की तुम्ही मान तिरकी करून तो कुठून आला ते शोधायचात, तसे.

तुम्हाला स्टोअरला पाठवलं. नटबोल्ट, ग्रीसचे डबे, हातमोजे. यंत्राची देखभाल बाहेरच्या एका कंपनीकडे गेली. त्यांचा माणूस महिन्यातून एकदा यायचा, पेटीवरची धूळ झटकायचा आणि माझी सही घेऊन जायचा. तुम्ही कँटीनमध्ये स्टोअरच्या लोकांबरोबर बसायला लागलात. मी सुरुवातीचे काही दिवस आपल्या टेबलावर एकटी बसले, मग डबा वरच नेऊ लागले. तुम्ही कधीतरी माळ्यावर यायचात, कार्बन पेपर हवाय असं काहीतरी निमित्त काढून. मागच्या खोलीच्या दाराशी क्षणभर थांबायचात. आत ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. ते यंत्र आवाज करत नाही. तरी थांबायचात.

एका सोमवारी आम्ही आलो तर सगळे फोन मुके. रविवारभर वीज नव्हती, आतली बॅटरी केव्हाची निकामी झालेली, आणि तुमच्या भाषेत सांगायचं तर यंत्राची आठवण पुसली गेली होती. बाहेरच्या कंपनीचा माणूस मंगळवारशिवाय येऊ शकत नव्हता. साहेबांनी स्वतः स्टोअरमध्ये माणूस पाठवून तुम्हाला बोलावलं.

तुम्ही रजिस्टर काखेत घेऊन आलात. ते तुम्ही स्टोअरमध्ये जपून ठेवलं होतं. मनगटाला तार बांधलीत आणि एकेक फोन सांगायला लागलात. मी नंबर वाचायचे, तुम्ही बटणं दाबायचात. पुन्हा जुन्यासारखं. तासभर मला वाटत होतं की काहीच झालेलं नाही, आत्ता तुम्ही चहा सांगाल. साहेब मागे उभे होते. प्रेसशॉपचा नंबर आला आणि तुमचा हात थांबला.

"बाई," तुम्ही म्हणालात, "प्रेसशॉप?"

मी काही बोलायच्या आत साहेब म्हणाले, "ओपन. ऑफ कोर्स ओपन."

एवढंच लागलं, परब. कुणीतरी त्यांच्यासमोर तो शब्द उच्चारणं. तुम्ही बटण दाबलंत आणि पुढचा नंबर मागितलात. मी वाचला. पाचच्या सुमाराला सगळे फोन लागले. तुम्ही तार सोडलीत, रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, "हे आता इथेच राहूदे." मी "थँक यू" म्हटलं. तुम्ही म्हणालात, "कशाबद्दल?" आणि जिना उतरून गेलात.

मग तुमचं दुखणं. पोटाचं, आणि कळलं तेव्हा उशीर झालेला. मी बोरिवलीला तुमच्या घरी आले तो रविवार होता, दुपारी चारची वेळ. मी सांगायला आले होते. घाटकोपरहून येताना सगळी वाक्यं मनात जुळवली होती. वहिनींनी दार उघडलं, खुर्ची दिली, खिडकीपाशी सरबत ठेवलं. तुम्ही खाटेवर इतके बारीक झाला होतात की मला आधी वाटलं तिथे नुसती चादरच आहे. वहिनी पायथ्याशी बसून तुमचे तळवे चोळत होत्या.

तुम्ही बोर्डाची चौकशी केलीत. नवी बॅटरी बसवली का विचारलंत. मग म्हणालात, "बाई, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा ना."

"चौकशीत तुम्ही आठवत नाही म्हणालात, त्याचं मला काही नाय. नोकरी होती. माणूस घाबरतो. पण एवढंच सांगा. तुम्ही साहेबाला विचारलं होतं ना?"

वहिनींचे हात थांबले. तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि तुमच्या डोळ्यांत, परब, आशा होती. मला तुमच्या रागाची तयारी होती. याची नव्हती. इतका आजारी माणूस, आणि त्याला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती.

मी म्हटलं, "हो. विचारलं होतं."

तुम्ही डोळे मिटलेत. डोळे न उघडताच म्हणालात, "म्हणजे तो खोटं बोलला. बरं झालं. मला मनात यायचं, बाईंनी विचारलंच नसेल. दोन वर्षं येत होतं." मग तुम्ही हात उचलायचा प्रयत्न केलात, तो अर्ध्यातच चादरीवर पडला. "वाईट विचार केला तुमच्याबद्दल. माफ करा."

मी तुमचा हात धरला आणि म्हटलं, "असं काय बोलता." यापेक्षा मोठं पाप माझ्या हातून या जन्मात झालेलं नाही. पाष्टेच्या वेळी मला पुढचं दिसत नव्हतं. तुमच्या खाटेपाशी मला सगळं दिसत होतं.

नऊ दिवसांनी तुम्ही गेलात.

मी स्वतःला सांगून बघितलं की निदान तुम्हाला शांतता मिळाली. तसं मानायला माझी काही हरकत नव्हती. पण ती शांतता माझ्या खोट्यावर उभी होती, आणि तिच्यापायी तुम्ही एका न केलेल्या गोष्टीबद्दल साहेबांना दोषी धरून गेलात. तुम्ही कुणाबद्दल चुकीची नोंद केली नव्हती आयुष्यात. शेवटची मी करायला लावली.

काल मी पुन्हा बोरिवलीला गेले. दहावं-बारावं आटोपलं होतं, पाहुणे गेले होते, मुलगा कामावर होता. वहिनी एकट्याच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी समोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. केबिनचं दार, जिन्याच्या तोंडाशी म्हटलेले दोन शब्द, चौकशी, आणि त्या रविवारचं 'हो'. मधे थांबले नाही. त्यांनीही थांबवलं नाही. सूप मांडीवर तसंच होतं.

माझं संपल्यावर त्यांनी हातातले तांदूळ सुपात सोडले. मग विचारलं, "आता माका कित्याक सांगतास?"

मी म्हटलं, "तुम्ही तरी मला माफ करा."

"मी?" त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. आवाज चढला नाही, डोळे कोरडेच. "तेंनी तुमका माफ नाय केल्यानी. तुमची माफी मागून गेले ते. आता ह्याचा मी काय करू?"

त्यांनी सूप पुन्हा पुढे ओढलं आणि तांदळातला खडा शोधायला लागल्या. त्यांनी मला जा म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. शेवटी मीच उठले, दाराबाहेर चपला घातल्या आणि जिना उतरले.